बसून राहू नये

चष्मेवाला बावन्न वर्षांचा होता आणि आईबरोबर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. लग्न वेळेवर जमलं नाही, नंतर जमवायचंही राहून गेलं. घरापासून दहा मिनिटांवर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानात तो एकटाच. नंबर काढणं, काच घासणं, फ्रेमचे स्क्रू आवळणं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत तो पुन्हापुन्हा वाकवणं, सगळं तोच करायचा. त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत आणि तो शांत आहे असंही म्हणत.

आई पोस्टात होती. एकतीस वर्षं तिनं पायी फिरून टपाल वाटलं. आसपासच्या अर्ध्या वस्तीला तिचं नाव ठाऊक नव्हतं, पण पोस्टबाई म्हटलं की कुणीही सांगे, आत्ताच इकडून गेल्या. कुत्र्यांबद्दल तिची मतं पक्की होती. एका पिवळ्या कुत्र्यानं तिला नऊ वर्षं ओळख दिली नाही आणि ती निवृत्त झाली त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत सोडायला आला, हे ती कुणालाही सांगायची. सत्त्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी तीन जिने उतरून ती ब्रेड आणि भाजी आणायची, वाटेत दहा जणांची विचारपूस करायची आणि अकराच्या आत वर यायची. तिच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची मुलगी दूरच्या शहरातून फोनवर म्हणायची.

त्या वर्षी पाइपासाठी रस्ता खणला होता. एका सकाळी कडेच्या सैल मातीवरून आईचा पाय सरकला आणि ती डाव्या हातावर पडली. भाजीवाल्यानं दुकानात फोन केला. चष्मेवाला तेव्हा एका शिक्षिकेच्या चष्म्यात काच बसवत होता. तिला तशीच उठवून, शटर ओढून त्याला पळावं लागलं. त्या वर्षातली ही दुसरी वेळ होती. आधी एकदा उन्हानं चक्कर येऊन ती एका पायरीवर बसली होती, तेव्हाही असंच झालं होतं.

मनगट मोडलं होतं, कमरेला नुसता मुका मार होता. आईला प्लास्टर घालायला आत नेलं. हाडांच्या डॉक्टर बाहेर येऊन त्याच्याशी बोलल्या. त्यांनी एक कागद लिहून दिला, त्यातली एक ओळ पेनानं दोनदा अधोरेखित केली आणि म्हणाल्या, "त्यांना नीट समजावून सांगा. हात बरा होईल. पाय जपायचेत."

त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

टॅक्सीत आईनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"जिना बंद," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"बंदच आता. पुन्हा पडलीस तर कंबर जाईल. घरातसुद्धा उगाच फिरायचं नाही."

"लेखी दिलंय?"

"हो."

आईनं मान हलवली. पोस्टात जन्म गेलेला. लेखी आलं की त्यावर वाद नाही, अशी तिची शिस्त होती. कागद दाखव असं ती म्हणाली नाही, कारण सांगणारा तिचा मुलगा होता.

हे असं बोलायचं त्यानं आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आईनं ते इतक्या सहज मान्य केलं, की मग त्यानं ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगू असं त्याला रात्री वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात बसला आणि फोन वाजला तेव्हा पहिल्यांदाच त्यानं हातातलं काम पुरं करून मग तो उचलला. आई खुर्चीत बसलेली आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्या सुखाची त्याला लगेच सवय झाली. कागद त्यानं दुकानातल्या खणात, काचा पुसायच्या कापडांखाली ठेवून दिला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला गेले, तेव्हा त्या डॉक्टर रजेवर होत्या. दुसऱ्या कुणीतरी हाताचा एक्स-रे पाहिला, जुळलंय म्हणाले, झालं. चष्मेवाल्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि आपण तो सोडला हेही त्याच्या ध्यानात आलं.

मग तो आईची सेवा करू लागला. खरोखर करू लागला. सकाळी उठून चहा तिच्या हातात, दुपारचं जेवण तिच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर झाकून, पाण्याची बाटली, फोन, औषधं, वर्तमानपत्र, सगळं हाताच्या अंतरावर. ती उठायला लागली की तो म्हणे, "तू कशाला उठतेस? मला सांग ना." तिचे फिरायचे बूट त्यानं इमारत झाडणाऱ्या बाईला देऊन टाकले. दुकानात कुणी आईची चौकशी केली की तो सांगे, "मी तिला एक पाऊल टाकू देत नाही." गिऱ्हाइकं म्हणत, असा मुलगा आजकाल कुठे असतो. ती शिक्षिका एकदा म्हणाली, "तुमच्या आई नशीबवान हो." त्यानं काच पुसता पुसता मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आई हळूहळू खुर्चीचीच झाली. पहिले दोन महिने तो दुकानात गेला की ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत असे. एकदा तो अचानक परत आला तेव्हा ती खिडकीशी उभी होती, आणि चोरी पकडल्यासारखी ओशाळून बसली. नंतर तिच्या चपलांचा आवाज बदलला. आधी त्या टपटप वाजायच्या, आता फरपटत येऊ लागल्या. पाचव्या महिन्यात तिला खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येईना. आधी ती त्याला रोज कामं सांगायची, शिंप्याच्या मुलीला काय झालं विचारून ये, कोपऱ्यावरचा म्हातारा दिसला का बघ. तो विसरून येई. सातव्या महिन्यात तिनं विचारायचं सोडून दिलं. नवव्या महिन्यात अंघोळीला त्याचा हात लागू लागला. तो पाठ चोळत असताना ती डोळे मिटून घ्यायची, आणि तो भिंतीच्या फरशांकडे बघत राहायचा.

"वय झालं की असंच असतं," तो तिला म्हणे. हे दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं, कारण ते त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

अकराव्या महिन्यात एका दुपारी आई कमोडवर बसली आणि तिला उठता येईना. फोन खुर्चीजवळ राहिला होता. दोन वाजल्यापासून तिनं किती वेळा प्रयत्न केला कोण जाणे. सहा वाजता तो घरी आला तेव्हा ती दोन्ही हातांनी बेसिन धरून, तशीच बसली होती. पाय निळसर पडले होते. त्यानं तिला उचललं, पुसलं, कपडे बदलले. ती एवढी हलकी झाली आहे हे त्याला उचलताना कळलं.

"पार्सल अडकून पडलं होतं," आई म्हणाली आणि हसायला गेली. मग हसू तोंडावरच राहिलं आणि ती म्हणाली, "तुझ्यापुढे अशी वेळ यायला नको होती रे. मला फार लाज वाटली."

त्यानं तिच्या पायांवर पांघरूण घातलं. लाज कुणाला वाटायला हवी हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, पण तो बदललेले कपडे उचलून धुवायला गेला.

तीन दिवसांनी तो तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी उतरवलं. दवाखान्यात चाकाची खुर्ची मिळाली. डॉक्टरांनी आईचे गुडघे वाकवून पाहिले, मांडी दाबून पाहिली, हात न लावता उठा म्हणाल्या. आईनं तीनदा जोर लावला. ती बोटभरही वर आली नाही.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर जुनी नोंद उघडली. त्या बराच वेळ वाचत राहिल्या.

"आजी, मी तुम्हाला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. जिना रोज एकदा. उठबस दहा-दहा वेळा. किती दिवस केलंत?"

चष्मेवाला चाकाच्या खुर्चीमागे उभा होता. खुर्चीच्या मुठी त्यानं घट्ट धरल्या. आईचं डोकं त्याला मागून दिसत होतं. ते किंचित त्याच्या बाजूला वळलं, अर्ध्यावर थांबलं आणि पुन्हा समोर झालं.

"केलं नाही," आई म्हणाली.

"का?"

"कंटाळा केला. माझीच चूक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, मी तुम्हाला स्पष्ट सांगते. तुमचं हृदय चांगलं आहे, साखर नाही, रक्तदाब नाही. अजून दहा वर्षं तुम्ही सहज जगाल. ती दहा वर्षं पायांवर काढायची की या खुर्चीत, हे ठरवायचं वर्ष होतं हे. ते तुम्ही बसून घालवलंत. या वयात वापरले नाहीत तर पाय फार लवकर जातात, आणि परत यायला फार वेळ घेतात. सगळे परत येतही नाहीत." मग त्यांनी वर बघितलं. "आणि यांच्याकडे बघा. मुलगा उचलून आणतोय तुम्हाला. मुलगा चांगला आहे म्हणून त्याच्यावर भार टाकायचा का?"

"नाही. चुकलं माझं," आई म्हणाली.

आजवर तिनं कुणाचं बोलणं असं ऐकून घेतलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. साहेबांनाही ती चार शब्द सुनवायची. आज तिनं हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून सगळं ऐकलं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, एवढंच. डॉक्टर, मी तिला सांगितलंच नाही. तेवढ्यात डॉक्टर लिहू लागल्या, आणि नर्सनं पुढचं नाव पुकारलं. तो खुर्ची ढकलत बाहेर आला.

टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर शेजाऱ्यांचे आभार मानून झाले, दार लागलं, तेव्हा ती म्हणाली, "तो कागद कुठे आहे?"

"दुकानात."

"घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

दुपारची तीनची वेळ होती. तो गेला. शटर अर्धं वर करून वाकून आत शिरला, कापडांखालून कागद काढला. परत येताना जिन्यात तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. तिथे उभं राहून त्यानं तो पुन्हा एकदा वाचला. एका वर्षात त्यातलं काही बदललं असेल, अशी काही वेडी आशा होती की काय, कोण जाणे.

आईनं चष्मा लावला. तो चष्मा त्यानंच बनवला होता. पूर्वी टपाल वाटताना ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती दारात उभी राहून पत्र वाचून दाखवायची. त्याच आवाजात तिनं वाचायला सुरुवात केली. सावकाश, कुठे जोर न देता.

"प्लास्टर सहा आठवडे. दुसऱ्या दिवसापासून चालणे, रोज अर्धा तास, सोबत कुणीतरी असावे. जिना दिवसातून एकदा, कठडा धरून. खुर्चीतून हात न लावता उठणे, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ." ती थांबली. "बसून राहू नये. याच्याखाली दोन रेघा आहेत."

"हो."

"वर माझं नाव आहे."

"हो."

"एकतीस वर्षांत मी दुसऱ्याचं एक पाकीट घरी ठेवून घेतलं नाही. एक दिवससुद्धा. पावसात, तापात, तुझे वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा." तिनं चष्मा काढला. "का केलंस?"

तुझ्या काळजीपोटी, असं म्हणायची त्याची तयारी होती. गेले अकरा महिने ते वाक्य त्यानं मनात तयार ठेवलं होतं. पण ती त्याच्याकडे बघत होती.

"मला दुकान बंद करायला लागायचं," तो म्हणाला. "फोन वाजला की वाटायचं, पडली. तू घरात बसलीस की मला बरं वाटायचं. काळजी होतीच. पण आधी हे होतं."

आईनं चष्म्याची घडी घातली. मग म्हणाली, "मलाही भीती वाटत होती. पडल्यापासून. तू बस म्हणालास तेव्हा मनातून बरंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण माझी भीती मी मोडली असती. तू ती पाळलीस. तिला खाऊ-पिऊ घातलंस."

तो तिच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि रडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. रडणं संपायची वाट बघितली.

"तिथे मी तुझ्या वाटची बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "परक्या बाईसमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. पण ते माझ्या नावावर लिहिलं गेलंय तिथे. मी आळशी आहे म्हणून. ते तू जाऊन खोडून ये."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. नंबर लागायला दोन तास लागले. आत गेल्यावर बसा म्हटलं तरी तो उभाच राहिला. त्यानं सगळं सांगितलं, टॅक्सीपासून खणापर्यंत.

"बऱ्याच घरांत होतं असं," शेवटी त्या म्हणाल्या. "माया जास्त असली की माणसं म्हाताऱ्यांना उठूच देत नाहीत."

"माया नव्हती," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी धीर दिला नाही आणि रागावल्याही नाहीत. कॉम्प्युटरकडे वळून त्यांनी नोंद बदलली आणि मोठ्यानं वाचून दाखवली, "रुग्णाला सूचना कळवण्यात आल्या नाहीत." मग विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागली. पंचविशीची, मोठ्या आवाजाची मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं खुर्चीशेजारचं टेबल उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. "आजी, पाणी तिथे आहे. तहान लागली की बघू." आई म्हणाली, "मुली, तू पोस्टात असतीस तर मी राजीनामा दिला असता." पण ती उठली. त्या मुलीच्या आधारानं, पण उठली. चष्मेवाला पुढे धावला तेव्हा मुलीनं त्याला हातानंच मागे सारलं. "तुम्ही हात मागे बांधून उभे राहा." तो तसा उभा राहिला. आईचे गुडघे लटपटताना बघणं आणि हात मागे ठेवणं, एवढंच त्याचं काम होतं, आणि दुकानातल्या कुठल्याही कामापेक्षा ते त्याला अवघड गेलं.

दीड महिन्यानं आई दारापर्यंत गेली. तीन महिन्यांनी कठडा धरून एक जिना उतरली आणि वर यायला तिला पाऊण तास लागला. अंघोळीला त्याचा हात नको झाला, त्या दिवशी तिनं आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पण सगळं परत आलं नाही. डावा पाय उचलला जात नव्हता, ओढावा लागत होता. काठी कायमची लागली. तीन जिने ती आता आठवड्यातून दोनदाच उतरू शकायची, आणि भाजीवाल्याच्या पुढे जाणं तिला झेपेना. फिजिओथेरपिस्टनं चष्मेवाल्याला जिन्यात गाठून सांगितलं, "यापुढे फार वाढेल असं समजू नका. आहे ते टिकवायचं." त्यानं विचारलं, "वेळेवर सुरू केलं असतं तर?" ती मुलगी मोठ्या आवाजाची असली तरी तेव्हा हळूच म्हणाली, "ते आता कशाला विचारता?"

दुकानात ती शिक्षिका पुन्हा आली. तिच्या नंबरात फरक पडला होता. "आई कशा आहेत? तुमच्यासारखा मुलगा—" ती म्हणाली, आणि त्यानं तिला मधेच थांबवलं. "मी तिला वर्षभर बसवून ठेवलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असताना." तिनं चष्मा घेतला, घाईनं पर्स बंद केली आणि गेली. नंतर ती त्याच्या दुकानात आली नाही. वस्तीत ती गोष्ट पसरली असावी. काही गिऱ्हाइकं त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळू लागली, आणि हे योग्यच आहे असं त्याला वाटलं.

दूरच्या शहरातल्या लेकीचा फोन आला की आता आई स्वतः उठून तो घेत असे. तिनं लेकीला काही सांगितलं नव्हतं. "ते तुझं तू सांग, तुला वाटेल तेव्हा," ती त्याला म्हणाली होती. ते अजून त्यानं सांगितलेलं नव्हतं.

सहा महिन्यांनी तपासणीची तारीख होती. आई जिना स्वतः उतरली, प्रत्येक मजल्यावर थांबत. दवाखान्यात तिचा नंबर पुकारला तेव्हा तोही उठला. आईनं काठी टेकली आणि म्हणाली, "तू बाहेर बस."

"मी फक्त दारापर्यंत—"

"नको. काय सांगतील ते मी ऐकेन. कागद माझ्या हातात घेईन."

तिच्या आवाजात राग नव्हता. नोकरीतली एखादी पद्धत बदलल्याचं सांगावं तसं ती बोलली. मग पाय ओढत, काठी टेकत ती त्या लांब खोलीतून दाराकडे गेली. दार जड होतं. तिला ते उघडायला वेळ लागला. चष्मेवाल्याचे हात आपोआप पुढे झाले, ते त्यानं मांडीखाली दाबून धरले.

शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या वडलांना घेऊन बसली होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "एकट्यांना आत सोडलंत?"

"हो," तो म्हणाला. "त्यांचा माझ्यावर भरवसा नाही."

बाईला ती थट्टा वाटली. ती हसली. तो हसला नाही, हे दिसल्यावर तिनं मान फिरवली आणि वडलांच्या स्वेटरची बटणं लावू लागली. चष्मेवाला बंद दाराकडे बघत बसून राहिला. आतून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती काहीतरी विचारत होती आणि डॉक्टर उत्तर देत होत्या.